कूस बदलली की घर फिरतंय, पण डोळे कुणी बघितले?

मागच्या अंकात कानातल्या मळावर लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक ओळ टाकली होती की चक्कर कानामुळंपण येते, तर त्या एका ओळीनं एवढी पत्रं आणली की या महिन्यात दुसरं काही घ्यायला जागाच नाही. आधी एक सांगून ठेवते. आपल्याकडं चक्कर हा शब्द म्हणजे धर्मशाळा झालाय, कुणीही या आणि पथारी टाका. उपास कडक झाला, चक्कर. बीपी उतरलं, चक्कर. पोराचा बारावीचा निकाल बघितला, चक्कर. ओपीडीत कन्नड बोलणारा पेशंट आला की म्हणतो तली तिरगतैती, डोकं फिरतंय, आणि माझं निम्मं काम तिथंच होऊन जातं, कारण फिरणं वेगळं आणि डोळ्यापुढं अंधारी येणं वेगळं. खालची सगळी पत्रं फिरण्याची आहेत, अंधारीवर पुन्हा कधीतरी.

प्रश्न: मॅडम, माझं वय ५४, जांबोटीच्या पुढं आमचं गाव. यंदा भाताची लावणी संपली त्याच आठवड्यात पहाटे उजव्या कुशीवर वळले तर घराचे वासे गरागरा फिरायला लागले, मी ओरडलेच, घर फिरूलालंय, धरा मला कुणीतरी. अर्ध्या मिनिटात थांबलं. मग रोज तेच. फळीवरचा डबा काढायला मान वर केली तरी तेच. एका डॉक्टरांनी मानेचा एक्सरे काढला, मणक्यातला गॅप कमी झालाय म्हणाले, गळ्याला पट्टा दिला आणि गोळ्या दिल्या, तीन महिने खाल्ल्या, नुसती झोप येते. शेवटी भावानं बेळगावात दुसरीकडं दाखवलं, त्या डॉक्टरांनी मला पलंगावर धाडकन आडवं केलं आणि डोळे मिटू नका, मिटू नका म्हणून ओरडत होते. म्हणाले डोळे नाचताहेत बघा, कानाचं दुखणं आहे. आता दुखणं कानाचं तर बघायचं डोळ्यांत, हे काही मला पटेना. फसवत तर नाहीत ना?

उत्तर: ताई, अजिबात फसवत नाहीत. त्या डॉक्टरांचं नाव तुम्ही लिहिलंय ते छापत नाही, पण भेटले तर चहा पाजीन.

कान नुसता ऐकायला नाही. पडद्याच्या आत, हाडाच्या पोटात, तोल सांभाळणारं एक यंत्र आहे. त्यात तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात, पाणी भरलेल्या. तीन बांगड्या अशा ठेवा की एक साधारण आडवी आणि दोन उभ्या, तिन्ही एकमेकींना काटकोनात, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात तशा. डोकं ज्या बाजूला वळेल त्या बाजूच्या नळीतलं पाणी मागं राहतं, नळीच्या फुगीर टोकाशी एक मऊ पडदा असतो तो वाकतो, आणि मेंदूला निरोप जातो, डोकं वळलं. या नळ्यांच्या शेजारी एक पिशवी आहे, तिच्यात चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे कण बसवलेले असतात. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे तुमच्या सोप्यातली शहाबादी फरशी ज्याची असते तेच, फक्त हे कण इतके बारीक की नुसत्या डोळ्याला दिसणार नाहीत. उभं-आडवं, वर-खाली हे कळण्यासाठी ते असतात. वय झालं, डोक्याला मार बसला, आजारपणात फार दिवस अंथरुणावर पडून राहिलं, किंवा कधी कधी काहीच कारण नसताना, यातले काही कण सुटतात आणि जिथं त्यांचं काम नाही त्या नळीत जाऊन पडतात. पुष्कळदा मागच्या उभ्या नळीत, कारण झोपल्यावर ती सगळ्यात खाली येते, गाळ खालीच बसणार.

आता तुम्ही कूस बदलली. डोकं फिरलं आणि थांबलं. पण नळीतले कण थांबले नाहीत, ते घरंगळत खाली निघाले, जाताना पाणी ओढत निघाले, पडदा वाकला, मेंदूला निरोप गेला की डोकं अजून फिरतंय. मेंदू बिचारा विश्वास ठेवतो.

आणि आता डोळे. कानाच्या या नळ्यांची तार थेट डोळे हलवणाऱ्या स्नायूंना जोडलेली आहे, मध्ये फक्त मेंदूतलं एक छोटं स्टेशन. म्हणून तर तुम्ही मान हलवत चालत असलात तरी समोरची पाटी वाचता येते, डोकं डावीकडं गेलं की डोळे आपोआप तेवढेच उजवीकडं जातात. कानानं खोटा निरोप पाठवला तर डोळे खोट्यालाच जागतात. ते हळू सरकतात, मग झटक्यात परत येतात, पुन्हा सरकतात, पुन्हा झटका. खानापूरहून बेळगावला रेल्वेनं येताना समोर खिडकीशी बसलेल्या माणसाचे डोळे कधी बघा, बाहेरच्या खांबाबरोबर सरकत जातात आणि टुणकन परत येतात, तसंच, पण इथं खांब नाही की गाडी नाही. याला निस्टॅग्मस म्हणतात. चक्कर ही तुम्ही सांगायची गोष्ट आहे, ती खरी की खोटी, किती, कुणाला दाखवणार? डोळ्यांचं तसं नाही, ते समोरच्याला दिसतात आणि मुद्दाम करून दाखवता येत नाहीत. आणि कुठल्या दिशेनं नाचतात त्यावरून कुठली नळी बिघडली तेपण कळतं, कारण प्रत्येक नळी आपल्याच पातळीत डोळे फिरवते. एवाल्ड नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं कबुतरांच्या कानातल्या नळ्यांवर प्रयोग करून हे १८९२ साली मांडलं.

तुम्हाला धाडकन आडवं केलं त्या टेस्टचं नाव डिक्स-हॉलपाइक. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक या लंडनच्या दोघांनी १९५२ साली ती नीट लिहून ठेवली. त्याच्या आधी १९२१ मध्ये रॉबर्ट बारानीनं असा एक पेशंट वर्णन करून ठेवला होता. हा बारानी म्हणजे ज्याला कानाच्या तोलावरच्या कामासाठी १९१४ चं नोबेल मिळालं आणि बातमी कळली तेव्हा साहेब रशियात युद्धकैदी होते.

टेस्ट कशी होते ते गेल्या महिन्यातल्या एका पेशंटवर सांगते म्हणजे तुम्हाला तुमचीच आठवेल. शहापूरच्या आजी, नाकात चमकी, हातात हिरव्या बांगड्या. पलंगावर बसवलं, मान उजवीकडं ४५ अंश वळवली, म्हणजे सरळ आणि खांदा यांच्या मधोमध, आणि दोन्ही हातांत डोकं धरून पटकन मागं झोपवलं, डोकं पलंगाच्या काठाबाहेर थोडं खाली लोंबतं ठेवलं. एक. दोन. तीन. काही नाही. सून म्हणाली, काय होईना की हो मॅडम. चार. पाच. आणि आजींनी माझं मनगट असं धरलं की बांगडीचा वळ उठला, डोळे वर झटके द्यायला लागले आणि त्याच वेळी गोल फिरायला लागले, बुबुळाची वरची कड खालच्या, म्हणजे उजव्या कानाकडं झटक्यानं वळते, परत येते, पुन्हा वळते. आपले डोळे काळेभोर, बुबुळाच्या रेषा दिसत नाहीत, म्हणून हे गोल फिरणं पुष्कळांच्या नजरेतून सुटतं. मी पांढऱ्या भागातल्या लाल शिरा बघते, त्यातली एखादी जाड शीर धरून ठेवायची, ती घड्याळाच्या काट्यासारखी पुढं-मागं व्हायला लागली की समजायचं. आधी वाढलं, मग मंदावलं, वीसेक सेकंदात बंद. उठवून बसवलं तर पुन्हा आलं पण उलट्या दिशेनं, कारण कण परत उलटे घरंगळले. पुन्हा एकदा झोपवलं तर पहिल्यापेक्षा कमी.

सुरुवातीला काही सेकंद थांबणं, मिनिटाच्या आत संपणं, उठल्यावर उलटणं, परत केल्यावर दमणं. हे चार जमले आणि दिशा वर-आणि-गोल असली तर मागच्या नळीतले कण, उजव्या बाजूला आलं तर उजवा कान, विषय संपला. या आजाराला बीपीपीव्ही म्हणतात. एमआरआय नको, रक्त नको. आणि मानेचा एक्सरे तर नकोच, कारण पन्नाशीनंतर कुणाचाही काढा, गॅप कमी निघतोच, माझाही निघेल, त्यावरून कुशीवरची चक्कर मानेमुळं म्हणणं म्हणजे घराला गळती लागली म्हणून शेजाऱ्याचं छप्पर शाकारण्यातला प्रकार. मला याचा राग येतो तो येतोच. पट्टे घातलेल्या किती बायका बघितल्या त्याची गणती नाही, आणि टेस्ट करायला पलंग आणि दोन मिनिटं लागतात, पैसा शून्य.

पट्टा काढून ठेवा. गोळ्यांचं खाली एका पत्रात लिहिलंय. आणि त्याच डॉक्टरांकडं परत जाऊन उपाय करून घ्या, तोपण पलंगावरच होतो.

प्रश्न: मी वडगावचा, पॉवरलूम चालवतो. झोपून कुठल्याही कुशीला वळलं की भयंकर फिरतं, उलटी होते. काळा चष्मा लावून कॉम्प्युटरवर टेस्ट झाली. रिपोर्टात जिओट्रॉपिक लिहिलं. आठ दिवसांनी परत केली तर एपोजिओट्रॉपिक. लॅबवाल्यांची चूक का? दोन वेळचे पैसे गेले.

उत्तर: भाऊ, लॅबवर लगेच चढू नका. तुमची आडवी नळी आहे. तिच्यात कण गेले की डोळे वर-गोल नाचत नाहीत, आडवे नाचतात, लूमचा धोटा जातो-येतो तसे, फरक एवढाच की एका दिशेला हळू आणि दुसऱ्या दिशेला झटका. आणि दोन्ही कुशींना येतं. म्हणून टेस्टही वेगळी, उताणं झोपवून डोकं एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं.

जिओट्रॉपिक म्हणजे झटका जमिनीकडं. उजव्या कुशीला उजवीकडं, डाव्या कुशीला डावीकडं. कण नळीच्या लांब भागात मोकळे फिरत असतात तेव्हा असं. एपोजिओट्रॉपिक म्हणजे झटका वर, छताकडं. कण पडद्याला चिकटून बसलेत किंवा पडद्याजवळच्या टोकाला अडकलेत तेव्हा तसं. आता कण काय शाळेतली पोरं नाहीत एका बाकावर बसायला, आज इथं उद्या तिथं, म्हणून आठ दिवसांत रिपोर्ट बदलणं शक्य आहे, होतं असं. कान कुठला ते ठरवायचा नियम उलटासुलटा आहे: जमिनीकडं असेल तर ज्या कुशीला जोर जास्त तो कान, छताकडं असेल तर ज्या कुशीला जोर कमी तो. डॉक्टरांचापण इथं घोळ होतो, माझाही झालाय, एकदा चुकीच्या बाजूनं फिरवला पेशंट आणि त्यांनी माझ्या कोटावर उलटी केली, बरोबरच होतं त्यांचं.

काळ्या चष्म्याचं कारण सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की डोळे बघायचे तर झाकले कशाला. कानातून येणारं नाचणं नजर एका जागी रोखून धरली की दबतं. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर खिळवलीत की अर्धं गायब. म्हणून अंधार करतात आणि आतल्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं बघतात, तेच व्हीएनजी. जुन्या पद्धतीचा जाड भिंगांचा फ्रेन्झेल चष्मा असतो, त्यातून पेशंटला काही धड दिसत नाही आणि आम्हाला त्याचे डोळे मोठे दिसतात, माझ्याकडं अजून तोच आहे.

उपाय तुमच्यात लाटण्यासारखा आहे, उताणं झोपवून चांगल्या कानाच्या दिशेनं ९०-९० अंशांनी लोळवत पूर्ण गोल करायचा, प्रत्येक ठिकाणी अर्धा ते एक मिनिट थांबायचं. दुसराही एक प्रकार आहे, गुफोनी, बसल्या जागेवरून कुशीवर पाडायचा, जाड माणसाला तो सोपा पडतो. छताकडंवाला प्रकार जरा हट्टी, दोन-चार खेपा धरून चाला. तोवर लूमजवळ एकट्यानं वाकून सुटलेला धागा जोडत बसू नका, पट्टा चालू असताना तर नाहीच.

प्रश्न: निपाणीहून लिहितोय. वडील ७१, बीपी आणि शुगर दोन्ही, जन्मभर तंबाखूच्या वखारीत काम. चार दिवसांपासून चक्कर. तुम्ही लिहिता तसे डोळे नाचतात म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढला, झोपवलं की डोळे सारखे खालच्या बाजूला झटके देतात, थांबतच नाहीत. चालताना भिंत धरतात. बोलणं जरा जड वाटतं. गावातले एक जण म्हणतात कानातला खडा आहे, आपटून पाडला की जातो. करू का?

उत्तर: हे पत्र हातात आल्या आल्या मी पत्रावरच्या नंबरवर फोन केला आणि त्याच दिवशी न्यूरो असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला लावलं, म्हणून उत्तर यांच्यासाठी नाही, बाकीच्यांसाठी आहे. अशी गोष्ट पत्रानं विचारू नका हो. पोस्ट पोचेपर्यंत माणूस जातो.

वरची सगळी पत्रं वाचून घरोघरी सगळे डोळे बघायला लागणार हे मला माहिती आहे, म्हणून हे नीट वाचा. कानाचे डोळे उशिरा सुरू होतात, लवकर थांबतात, दमतात. मेंदूचे डोळे, म्हणजे लहान मेंदू किंवा त्याच्या खालच्या दांड्यात बिघाड असतो तेव्हाचे, झोपवल्या झोपवल्या सुरू होतात आणि त्या अवस्थेत ठेवलं तोवर चालूच राहतात. दहादा करा, दमत नाहीत. आणि नुसते खाली झटके, गोल फिरणं नाही, हे दिसलं की मी कानाचा विचार बाजूला ठेवते. पुढच्या उभ्या नळीतल्या कणांमुळं खाली झटके येऊ शकतात, पण ते फार क्वचित, आणि ते ठरवणं घरच्या पलंगावरचं काम नाही. आणखी एक गंमतीचा विरोध असा की डोळे जोरात नाचताहेत आणि पेशंट म्हणतो मला काही फिरत नाही, किंवा नजर खिळवली तरी नाचणं दबत नाही, तेपण मेंदूचंच लक्षण.

बरोबर बोलणं जड, एकाचे दोन दिसणं, तोंड वाकडं, हात-पाय लुळा, गिळताना ठसका, आधाराशिवाय उभंच राहता न येणं, कधी नव्हे तसं डोकं दुखणं, यातलं काहीही असलं तर, आणि बीपी-शुगर असली तर जास्तच, ती पॅरालिसिसची चक्कर धरून चालायची. डिक्स-हॉलपाइक नाही, आपटणं नाही, लिंबू उतरवणं नाही, गाडी काढायची. कोल्हापूर जवळ पडतंय का बेळगाव हे बघा, राज्य कुठलं ते नंतर बघू, हा वाद ७० वर्षं चालू आहे, अजून एक दिवस चालेल.

व्हिडिओ काढला हे मात्र लाख मोलाचं केलंत, तो बघूनच तिथल्या डॉक्टरांनी पुढच्या हालचाली केल्या. कुणाच्याही घरी चक्कर आली की एकानं धरावं, एकानं मोबाइल काढावा: डोळ्यांच्या जवळ, उजेड भरपूर, दोन्ही डोळे फ्रेममध्ये, पापण्या बोटानं उघड्या, आणि तोंडानं बोलायचं की आता उजवी कूस, आता डावी. दवाखान्यात पोचेपर्यंत डोळे शांत झालेले असतात, व्हिडिओत ते नाचत राहतात.

प्रश्न: वय २६, गोकाक. मित्राच्या लग्नाआधी पोरं मिळून गोव्याला गेलो होतो. रात्री पडलो की कॉट फिरायची. सकाळी उठलो परत फिरायला लागलं, तेव्हा तर उतरली होती. मलापण कण सुटले का? घरी सांगू नका.

उत्तर: घरचे हा कॉलम वाचत नसतील अशी आशा करू. बाळा, तुझे कण जागेवर आहेत, पण प्रश्न भारी आहे.

नळीच्या टोकाशी जो मऊ पडदा आहे तो आणि भोवतीचं पाणी यांचं वजन एरवी सारखं असतं, म्हणून पडदा ना तरंगतो ना बुडतो. दारू पाण्यापेक्षा हलकी. रक्तातून ती आधी पडद्यात शिरते कारण रक्तवाहिन्या त्याच्याजवळ, पाण्यात मागाहून. तेवढा वेळ पडदा हलका होऊन तरंगतो, तू कुशीवर पडलास की तो वाकतो आणि वाकलेलाच राहतो, डोळे जमिनीकडं झटके देतात, कॉट फिरते. तीन-चार तासांनी दोन्हीकडं दारू सारखी झाली की शांत, तुला वाटलं उतरली. मग पहाटे दारू बाहेर पडायला लागते, तीपण पडद्यातूनच आधी, आता पाणी हलकं आणि पडदा जड, सगळं उलट, डोळे छताकडं झटके देतात. रक्तातली दारू संपली तरी हा दुसरा टप्पा काही तास चालतो. म्हणजे सकाळी तुझी उतरली नव्हती, कानातली उतरत होती. तेव्हा चोर्ल्याच्या घाटातून गाडी कुणी चालवली हे मी विचारत नाही, तूच विचार कर.

प्रश्न: आईला (६३) डॉक्टरांनी मान फिरवून बरं केलं, एका दिवसात. जादूच वाटली. पण सात महिन्यांनी परत आलं. आम्ही संकेश्वरला असतो, दर वेळी बेळगावला आणणं होत नाही. इंटरनेटवर बघून घरी केलं तर? गोळ्या चालू ठेवायच्या का?

उत्तर: ती जादू जॉन एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांची. कण नळीत मोकळे पडलेत तर नळी अशी फिरवा की ते आपल्याच वजनानं घरंगळत बाहेर पडतील, एवढंच डोकं चालवलं, पण ऑपरेशन करणाऱ्यांच्या जगात मान फिरवून बरं करणाऱ्याला कोण विचारतो, बरीच वर्षं लोक हसले. १९९२ मध्ये त्यांचा पेपर छापून आला आणि आज जगभर तेच करतात.

उजव्या कानाचा असेल तर: पलंगावर बसून मान उजवीकडं ४५ अंश. तशीच ठेवून मागं झोपायचं, खांद्याखाली उशी, डोकं किंचित खाली. फिरणं थांबलं की आणखी अर्धा मिनिट. मग डोकं न उचलता डावीकडं ९० अंश, थांबा. मग अख्खं अंग डाव्या कुशीला आणि नाक जमिनीकडं, थांबा. मग पाय खाली सोडून सावकाश बसायचं, बसल्यावर लगेच उठायचं नाही, त्या क्षणी पडतात माणसं. डाव्या कानाला सगळं उलट. एक-दोन वेळांत बहुतेकांचं जातं. पूर्वी आम्ही सांगायचो दोन रात्री बसून झोपा, ते आता कुणी सांगत नाही, गरज नाही.

घरी करा, पण दोन अटी. पहिल्यांदा कुठला कान आणि कुठली नळी हे डॉक्टरांनी डोळे बघून सांगितलेलं असावं, आणि परत आलेलं त्याच बाजूचं, तसंच असावं. दुसऱ्या वेळी कण दुसऱ्या नळीत जाऊ शकतात, मग तुम्ही संकेश्वरात बसून मागच्या नळीचा व्यायाम आडव्या नळीला देत बसाल. मानेचं ऑपरेशन झालेलं, डोळ्याचा मागचा पडदा सुटलेला, मानेच्या रक्तवाहिनीत अडथळा असलेला, यांनी घरी हात लावू नये. आणि एकट्यानं नको, कुणीतरी समोर बसून डोळे बघत असावं, मोबाइल घेऊन, वर निपाणीच्या उत्तरात लिहिलंय तसं.

परत येतं, हो. निम्म्या लोकांना पुढच्या काही वर्षांत कधी ना कधी येतं, त्यात पन्नाशी उलटलेल्या बायका जास्त. ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. दक्षिण कोरियात ९५७ पेशंटवर अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला, ज्यांचं ड कमी होतं त्यांना ते कॅल्शियमबरोबर रोज दिल्यावर परत येण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्श्यानं घटलं. दिवसभर घरात आणि उन्हात गेलं तर डोक्यावर पदर, अशा आपल्या बायकांचं ड कमी निघालं तर मला नवल वाटत नाही.

गोळ्या बंद. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन या गोळ्या तोलाची यंत्रणा दाबतात, उलटी फार असेल तर दोन-तीन दिवस ठीक, पण कण नळीतच राहतात, गोळीनं कण उचलला जात नाही. महिनोन्महिने घेतल्या तर म्हाताऱ्या माणसांत हात थरथरणं, चाल मंदावणं असं पार्किन्सनसारखं होऊ शकतं, आणि मग त्याच्या वेगळ्या गोळ्या सुरू होतात. जांबोटीच्या ताई, हे तुमच्यासाठीपण. अचानक सगळं बंद न करता देणाऱ्या डॉक्टरांना विचारून बंद करा, पण विचारा नक्की.

प्रश्न: रायबागला सलून आहे. दाढीला खुर्ची मागं केली की दोन गिऱ्हाइकांना चक्कर येते, खुर्चीत दोष आहे का?

उत्तर: खुर्चीत नाही, त्या दोघांच्या कानात. मान मागं आणि जरा वळवलेली, तुम्ही न शिकता डिक्स-हॉलपाइक करताय. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीतपण हेच होतं. त्या दोघांची दाढी बसवून करा, चक्कर येताना डोळे कसे झाले ते आठवत असेल तर त्यांना सांगा आणि कानाच्या डॉक्टरांकडं धाडा. आणि वस्तरा आधी बाजूला ठेवा.